निवासी शाळेचे ग्रंथालय : वेळ आणि माणसे
(शिक्षक मेळाव्यातील व्याख्यान)



गावातील शाळा सायंकाळी सुटली म्हणजे मुले घरी जातात. घर कितीही गरिबीचे असले तरी तेथे गोष्ट सांगणारी आजी असते, शेजार असतो, दुकानाच्या फळीवर कोणी वर्तमानपत्र उलगडून बसलेला असतो. निवासी शाळेतील मुलाला यांपैकी काहीच नसते. शाळा सुटली तरी ते शाळेतच असते. जून महिन्यात सहा वर्षांचे मूल पत्र्याची पेटी घेऊन आश्रमशाळेत दाखल होते. त्यानंतर दिवाळीपर्यंत घराचे तोंड त्याला क्वचितच दिसते. या काळात पाठ्यपुस्तकाखेरीज जे काही छापील अक्षर त्याच्या वाट्याला यावयाचे, ते शाळेच्या ग्रंथालयातूनच यावयाचे. दिवसाच्या शाळेत ग्रंथालय बंद राहिले तर मुलाचे नुकसान होते हे खरे. परंतु त्याला दुसरी एखादी वाट तरी असते. निवासी शाळेत ते बंद राहिले की वाटच बंद होते.

असे असूनही पुष्कळ निवासी शाळांत ग्रंथालयाची वेळ म्हणजे शाळेचीच वेळ होय. शाळा भरली की कपाट उघडावयाचे आणि शेवटची घंटा झाली की कुलूप लावावयाचे. यात एक विलक्षण गोष्ट घडते. कपाट उघडे असते तेव्हा मुले वर्गात असतात, आणि मुले मोकळी होतात तेव्हा कपाट बंद होते. रविवारचा संपूर्ण दिवस मुले कपडे धुतात, वाळत घालतात आणि मग ओट्यावर बसून राहतात. ग्रंथालयाला मात्र त्या दिवशी सुटी असते. याचे कारण विचारले असता उत्तर एकच मिळते : माणूस नाही. म्हणजे वेळेचा प्रश्न विचारावा आणि माणसांचे उत्तर यावे. वस्तुतः हे दोन प्रश्न नव्हेतच. ग्रंथालय केव्हा उघडे राहावे हे ठरविले की तेथे कोण बसावे हे निम्मे ठरते.

प्रथम थोडे गणित मांडून पाहणे इष्ट आहे. पहिली ते दहावीचे दहा वर्ग आणि प्रत्येक वर्गात ३० मुले, अशी ३०० मुलांची एक निवासी शाळा कल्पिली, तर चित्र स्पष्ट होईल. एका मुलाचे जुने पुस्तक परत घेणे, नोंद खोडणे, नवे पुस्तक निवडू देणे व त्याची नोंद करणे यास सरावलेल्या माणसालाही एक मिनिट लागते. आठवड्यातून एकदा, शनिवारी एक तास कपाट उघडले, तर ६० मुलांना पुस्तक मिळेल. प्रत्येक मुलाची पाळी पाच आठवड्यांनी येईल, आणि वर्षातील प्रत्यक्ष कामाचे आठवडे ३६ धरले तर मुलाच्या हाती वर्षाकाठी सातच पुस्तके पडतील. सात पुस्तकांनी वाचनाची सवय लागत नाही. मधल्या सुटीत अर्धा तास उघडण्याची प्रथा कोठे कोठे आहे. पण मधल्या सुटीत मुले ताटे घेऊन रांगेत उभी असतात, जेवतात आणि ताटे घासतात. त्या अर्ध्या तासातून ग्रंथालयासाठी उरतात ती दहा मिनिटे, तीही चपळ मुलांची. मागे राहणाऱ्या मुलाला, ज्याला पुस्तकाची गरज सर्वांत अधिक, त्याला रांगेत जागाच मिळत नाही.

याउलट सायंकाळचा एक तास घेतला तर गणित एकदम पालटते. पाचवी ते दहावी हे सहा वर्ग. सोमवार ते शनिवार या सहा सायंकाळी रोज एका वर्गाची देवघेव ठेवावी. ३० मुले, ३० मिनिटे. तासाचा उरलेला अर्धा भाग ज्या कोणाचे पुस्तक लवकर वाचून झाले असेल त्याच्यासाठी मोकळा असावा. सहावीतील एखादी मुलगी सोमवारी नेलेले पुस्तक मंगळवारी संपवून आली, तर तुझा वार सोमवारचा आहे असे सांगून तिला परत पाठविणे यासारखी दुसरी चूक नाही. वारांची विभागणी गर्दी होऊ नये म्हणून असते, वाचणाऱ्याला अडविण्यासाठी नसते. तेथेच बसून वाचणाऱ्यास तर सर्व वार सारखेच.

हा तास खेळाच्या वेळेत घालू नये. ग्रंथालय मैदानाच्या विरोधात उभे केले तर दोहोंचे नुकसान होते. सायंकाळच्या जेवणानंतर व अभ्यासिकेच्या आधी जो काळ असतो तो पुष्कळ ठिकाणी नुसत्या गलबल्यात जातो, तोच घ्यावा. विजेचा भरवसा नसेल तेथे देवघेव उजेडी, खेळ सुटताच, उरकून घ्यावी आणि दिवेलागणीनंतर फक्त वाचन ठेवावे. अंधारात नोंदवही लिहिली की क्रमांक चुकतात, आणि चुकलेला क्रमांक पुढे हरवलेल्या पुस्तकाइतकाच त्रास देतो. रविवारी सकाळी १० ते १२ आणि दुपारी ३ ते ५ असे चार तास मिळाले, तर आठवड्याचे एकूण दहा तास होतात. दहा तास म्हणजे फार नव्हेत; परंतु ते सर्व मुलांच्या मोकळ्या वेळेतील आहेत.

पहिली ते चौथीच्या मुलांना या सायंकाळच्या तासात ओढू नये. त्यांची पुस्तके वर्गातच, एका पेटीत, वर्गशिक्षकाच्या हाती असावीत व दिवसा द्यावीत. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे, सातपुड्यात पावरी वा भिली बोलणारे, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा मराठी पुस्तक त्याच्या दृष्टीने दुहेरी परके असते : लिपीही नवी आणि भाषाही नवी. त्याला पुस्तक नेऊन देण्यापेक्षा ते मोठ्याने वाचून दाखविणे अधिक उपयोगाचे. त्याच भाषेचा सातवी-आठवीतील मुलगा जवळ बसून चित्रे दाखवीत, आपल्या बोलीत सांगत, मग मराठीत वाचू लागला तर त्याच्याइतका चांगला ग्रंथपाल नेमणुकीच्या आदेशाने मिळावयाचा नाही.

येथून माणसांच्या प्रश्नाकडे वळता येते. स्वतंत्र ग्रंथपाल असावा हे निर्विवाद आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या सुमारास निघालेल्या नवोदय विद्यालयांत, ज्यांतील पहिल्या दोहोंपैकी एक अमरावती जिल्ह्यात सुरू झाले, ग्रंथपालाचे पद आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याच्या अनुसूचीत पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, आणि तेथे वर्तमानपत्र, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट सांगितले आहे. ग्रंथालय उघडणाऱ्या माणसाचा उल्लेख मात्र त्या ओळींत नाही. लहान निवासी शाळेला पद मिळेल तेव्हा मिळेल; मागणी सोडू नये, दरवर्षी लेखी करीत राहावी. परंतु पद मिळेपर्यंत कपाट बंद ठेवणे म्हणजे विहिरीवर पंप बसेपर्यंत पोहऱ्यानेही पाणी न काढण्यासारखे होय.

आज पुष्कळ ठिकाणी ग्रंथालयाचा कार्यभार ज्या शिक्षकाकडे असतो त्याच्याकडे तो कसा आलेला असतो? बहुधा शेवटी रुजू झालेल्याकडे, किंवा ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे. त्याच्या तासिका कमी होत नाहीत. सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे आणि संगणकावर भरावयाची माहिती यांतूनही त्याची सुटका नसते. अशा शिक्षकाने सायंकाळीही ग्रंथालयात बसावे असे म्हणणे अन्यायाचे आहे. मुख्याध्यापकाने जर खरोखर ग्रंथालय चालवावयाचे ठरविले असेल, तर प्रभारी शिक्षकाच्या आठवड्याच्या दोन तासिका कमी करून तसे वेळापत्रकात लेखी दाखवावे. केवळ वार्षिक संमेलनात त्याचे नाव घेऊन भागणार नाही. या दोन तासिकांत त्याने पुस्तकांची नोंद पाहावी, फाटलेली बाजूला काढावी, येत्या आठवड्यात पुढे मांडावयाची पुस्तके निवडावीत. देवघेवीच्या खिडकीवर त्याने रोज बसण्याचे कारण नाही.

खिडकीवर मुलांनी बसावे. सातवी ते नववीतून बारा मुले निवडावीत. दहावीच्या मुलांना यातून मोकळे ठेवावे. दोघादोघांच्या सहा जोड्या, एका सायंकाळी एक जोडी : एकाने परत आलेले घ्यावे, दुसऱ्याने नवे द्यावे. रविवारी सकाळी एक व दुपारी एक जोडी बसली तर प्रत्येक जोडीची रविवारची पाळी तीन आठवड्यांनी येते. कोणाही मुलावर आठवड्याला सरासरी दोन तासांहून अधिक भार पडत नाही. निवड करताना केवळ हुशार मुले घेऊ नयेत. वाचनात मागे असलेल्या मुलाला दर पाळीला तीस पुस्तकांची नावे वाचून लिहावी लागली की त्याचे वाचन नकळत सुधारते, आणि त्याच्या हाती किल्ली आहे हे वर्गाला दिसले की त्याची मानही थोडी वर होते.

मुलांच्या हाती कारभार देण्यास कचरणारे मुख्याध्यापक भेटतात. त्यांनी सातारचे उदाहरण आठवावे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली सातारा येथे वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, आणि स्वयंपाकापासून श्रमाच्या कामांपर्यंत वसतिगृहाचा पुष्कळसा भार मुलेच उचलीत. मुले भाकरी मोजून वाटू शकतात, तर पुस्तके मोजून देऊ शकणार नाहीत असे मानण्यास आधार नाही.

तथापि मुले आहेत म्हणून मोठे माणूस नको, असा याचा अर्थ नव्हे. ग्रंथालय उघडे असताना आवाराच्या त्या भागात एक जबाबदार प्रौढ व्यक्ती असलीच पाहिजे. अधीक्षक सायंकाळी आवारात असतात. पण भोजनगृह, आजारी मुले, पालकांचे फोन आणि हजेरी हे सर्व त्याच वेळी त्यांच्या अंगावर येते. आवारात राहणाऱ्या शिक्षकांनी आठवड्याची एक एक सायंकाळ वाटून घेतली तर अधीक्षकांवर दोनच सायंकाळी येतील. ज्यांना आवारात घर नाही त्या शिक्षकांना गावाहून रात्री बोलावू नये. कामाठी वा शिपाई यांच्यावर हे सोपविण्याची सोपी वाट काहीजण काढतात. त्यांची कामे आधीच ठरलेली असतात, आणि त्यांना नोंदवहीच्या उत्तरदायित्वात गुंतविणे योग्य नाही.

मुलींच्या बाबतीत वेगळा विचार अवश्य केला पाहिजे. बहुतेक निवासी शाळांत ग्रंथालय शाळेच्या इमारतीत, म्हणजे मुलांच्या वसतिगृहाच्या अंगाला असते. सायंकाळी जेवणानंतर मुलींनी आपल्या वसतिगृहाच्या फाटकाबाहेर पडू नये असा नियम असतो, आणि तो त्यांच्या सुरक्षिततेसाठीच असतो. म्हणून ग्रंथालय सायंकाळी उघडे ठेवले एवढ्याने भागत नाही. ते निम्म्याच मुलांसाठी उघडले जाते. यावर उपाय जुना आहे. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची जी व्यवस्था उभारली, तिच्यात पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत असत. वाचकाला ग्रंथालयापर्यंत येता येत नसेल तर ग्रंथालयाने वाचकाकडे जावे, हा त्यातील विचार होता. तशीच एक साठ-सत्तर पुस्तकांची पेटी मुलींच्या वसतिगृहात, स्त्री-अधीक्षिकेच्या देखरेखीखाली ठेवावी व दर पंधरा दिवसांनी पालटावी. मुलींची स्वतंत्र जोडी तिचा हिशेब ठेवील. आणि रविवारच्या चार तासांपैकी दोन तास मुलींसाठी राखले तर त्यांना सर्व पुस्तकांतून निवड करता येईल. नुसती पेटी देऊन मुलींना कायम उरलेल्या पुस्तकांवर ठेवू नये.

आता खऱ्या अडचणीविषयी. वेळ, माणूस, वीज ही सर्व कारणे सांगून झाल्यावर प्रभारी शिक्षक हळूच एक गोष्ट बोलतो : पुस्तक हरवले तर भरून कोण देणार? ही भीती खोटी नाही. पुष्कळ शाळांत पुस्तकांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत, बाके, घंटा आणि तराजू यांच्या पंक्तीला केलेली असते. बाक वापरले तरी बाकच राहते. पुस्तक वापरले की झिजते, फाटते, कधी परत येत नाही. तपासणीत संख्या जुळली नाही की शेरा बसतो, आणि वेतनातून वसुली होईल या धास्तीने शिक्षक कपाटाला कुलूप लावतो. कुलूप लावले की संख्या जुळते. तपासणी निर्विघ्न पार पडते. हे सर्व नियमानुसारच घडते, आणि तीनशे मुले पुस्तकांवाचून राहतात.

परंतु नियम खरोखर तसा आहे काय, हे पाहण्यासारखे आहे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. वर्षभरात दिल्या-घेतल्या किंवा पाहिल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी वाजवी मानावी, असे तेथे म्हटले आहे. मात्र ती हानी अप्रामाणिकपणाने वा निष्काळजीपणाने झालेली नसावी. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे पुस्तक, अथवा दुर्मीळ पुस्तक हरवल्यास चौकशी झालीच पाहिजे. वीस हजारांपर्यंत पुस्तके असलेल्या ग्रंथालयाची संपूर्ण मोजणी दरवर्षी करावी, असेही त्यात आहे. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा आदिवासी विकास विभागाच्या शाळेने तो आपोआप लागू धरू नये. पण त्यातील मोजमाप लक्षात घेण्यासारखे आहे. हानी मोजावयाची ती कपाटातील पुस्तकांच्या संख्येवर नव्हे, तर देवघेवीच्या संख्येवर. वर कल्पिलेल्या शाळेत ३०० मुलांनी ३६ आठवडे दर आठवड्याला एक पुस्तक नेले तर वर्षाची देवघेव १०,८०० होते, आणि त्या मापाने ५४ पुस्तकांची हानी वाजवी ठरते. ज्या कपाटातून एकही पुस्तक बाहेर गेले नाही त्यातील एक जरी पुस्तक नाहीसे झाले, तरी त्याला या मापाने आधार मिळत नाही. म्हणजे देवघेवीची नोंदवही हेच शिक्षकाचे संरक्षण होय, कुलूप नव्हे.

म्हणून मुख्याध्यापकाने वर्षारंभीच तीन गोष्टी करून ठेवाव्यात. पुस्तकांची नोंद जडसंग्रहातून काढून स्वतंत्र ग्रंथ-नोंदवहीत घ्यावी. हानीची मर्यादा किती धरावयाची याविषयी वरिष्ठ कार्यालयाकडून लेखी मार्गदर्शन मागवावे. उत्तर न आल्यास स्मरणपत्र पाठवावे व त्याची प्रत जपून ठेवावी. आणि वर्षाअखेरीची मोजणी प्रभारी शिक्षकाने एकट्याने न करता मुख्याध्यापक व आणखी एक शिक्षक यांच्यासह करून तिघांच्या सह्यांनी अहवाल लिहावा. हरवलेल्या पुस्तकाची किंमत मुलाकडून वसूल करण्याचा मोह टाळावा. ज्या घरातून ते मूल आले आहे तेथे पन्नास रुपये म्हणजे काय हे शिक्षकास ठाऊक असते. एकदा दंड बसला की ते मूल पुन्हा पुस्तक मागावयास येत नाही, आणि त्याचे पाहून आणखी दहाजण येत नाहीत. फाटलेले पुस्तक मात्र मुलाकडूनच, सर्वांसमक्ष, खळ आणि कागदाच्या पट्ट्या घेऊन दुरुस्त करून घ्यावे. त्यात शिक्षाही नाही आणि माफीही नाही.

हे सर्व आश्रमशाळांचे आहे, गावच्या प्राथमिक शाळेशी त्याचा काय संबंध, असे येथे बसलेल्या काही शिक्षकांस वाटत असेल. ज्या गावांतून ऊसतोडीला माणसे जातात तेथील शिक्षकांना मात्र तसे वाटणार नाही. दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्यावर गेले की मुलांसाठी हंगामी वसतिगृह उभे राहते, आणि गावची शाळाच काही महिने निवासी शाळेसारखी होते. सकाळ-संध्याकाळचे जेवण तेथे असते. काही ठिकाणी मुले रात्री आजी-आजोबांकडे झोपावयास जातात. संध्याकाळी जेवणासाठी मुले एकत्र येतात तो अर्धा तास हीच तेथील ग्रंथालयाची वेळ. ताट घेण्यास आलेल्या मुलाच्या हाती जाताना एक पुस्तक द्यावे, दुसऱ्या दिवशी ते परत घ्यावे. ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक यासाठी फार उपयोगी पडतात. एका अंकात गोष्ट, कविता, कोडे असे सर्व असते, आणि आजीलाही वाचून दाखविता येते. येथे नोंदीसाठी एका वहीत मुलाचे नाव व पुस्तकाचा क्रमांक एवढे पुरे.

एक बारीकसा मुद्दा सुटीचा. दिवाळीच्या आधी सर्व पुस्तके परत घेऊन, मोजून, कुलूपबंद करण्याची रीत आहे. ज्या घरात एकही पुस्तक नाही त्या घरी मुलाने जाताना एक पुस्तक न्यावे यासाठी हीच तर संधी असते. मोजणी उन्हाळ्याच्या सुटीआधी करावी, आणि दिवाळीच्या सुटीसाठी प्रत्येक मुलाला दोन पुस्तके द्यावीत. काही परत येणार नाहीत. पाण्यापावसातून, डोंगर उतरून, जीपच्या टपावरून ती जावयाची आणि यावयाची आहेत. परत आलेल्यांतील काहींना चुलीच्या धुराचा वास येईल. ती पुस्तके घरी कोणीतरी हाताळली आहेत, असे नोंदवहीत लिहिण्यास रकाना नसतो. सुटी संपल्यावर पहिल्याच सायंकाळी, सामान लावून होण्याआधी, ग्रंथालय उघडावे. घरून परतलेल्या मुलांना ती पहिली संध्याकाळ जड जाते, आणि किल्ली ज्या जोडीकडे असेल तिने त्या दिवशी थोडे लवकर यावे.